खिळ्यावरचं सुलटं अक्षर

झोपेत ‘हे स्वप्न आहे’ असं कळलं की समोरचं सगळं विरून जातं आणि आपल्याला जाग येते, असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा होतंही तसंच. पण कधी कधी कळूनही झोप टिकते. रस्ता, माणसं, भिंती सगळं जागच्या जागी राहतं आणि आपण त्यात जाणतेपणी उभे असतो. अशा वेळी दिसण्याचं, ऐकण्याचं, आठवण्याचं काय होतं, ते मी गेली काही वर्षं नेमाने टिपून ठेवते आहे. स्वप्नात असं जाणतेपणी असण्याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात. माझ्या वहीत मी ‘सजग स्वप्न’ असं लिहिते.

हा विषय लोकांना माहीत असतो तो उडण्यासाठी, भिंतीतून आरपार जाण्यासाठी, हवं ते माणूस समोर आणण्यासाठी. मला ओढ होती ती निव्वळ पाहण्याची. मी मुद्रितशोधनाचं काम करते. डोळा शब्द वाचत नाही, ओळखतो आणि पुरा करून घेतो, हे या कामात रोज दिसतं. चुकलेली वेलांटी समोर असते आणि दिसत नाही, कारण अर्थ आधीच लागलेला असतो. जागेपणीच डोळ्याची ही रीत असेल, तर डोळे मिटलेले असताना, बाहेरून काहीच येत नसताना जे दिसतं ते कसलं पाहणं असेल, हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस होता.

माणसं स्वप्नात सजग होतात हे जुनंच आहे. फ्रान्समध्ये एर्वे द सँ-दनी यांनी १८६७ साली स्वप्नांना वळण देण्याच्या आपल्या प्रयोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रेडरिक व्हान एडन या डच मनोविकारतज्ज्ञाने १९१३ साली आपल्या स्वप्नांचा अभ्यास मांडला आणि ‘ल्युसिड ड्रीम’ हे नाव रूढ झालं. तरीही संशोधकांचा विश्वास बसत नव्हता. झोपलेला माणूस जागा असल्यासारखा विचार करत होता, याला पुरावा काय? पुरावा डोळ्यांनी दिला. ज्या झोपेत स्वप्नं दाट पडतात, त्या रेम झोपेत हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद असतात, पण बुबुळं हलतात. ही झोप १९५३ साली शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली होती. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्याशी आधी ठरवून ठेवलं, की स्वप्नात सजग झालात की नजर डावी-उजवी अशी ठरावीक वेळा फिरवा. वर्स्ली झोपले, स्वप्नात सजग झाले आणि त्यांनी नजर फिरवली. यंत्राच्या कागदावर ते झोके उमटले, आणि त्याच कागदावर ते गाढ रेम झोपेत असल्याच्या खुणाही होत्या. अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं आणि १९८१ साली प्रसिद्ध केलं. मी हे वाचलं तेव्हा माझं मन त्या कागदावरच अडकून राहिलं. स्वप्नाच्या आतून कुणीतरी बाहेर खूण पाठवली होती.

सुरुवात वहीपासून केली. जाग आली की अंग न हलवता, डोळे न उघडता पडून राहायचं आणि शेवटच्या दृश्यापासून मागे मागे जायचं. कूस बदलली की निम्मं जातं. पहिल्यांदा एखादं वाक्य, एखादा चेहरा एवढंच हाती यायचं. महिनाभरात पानं भरू लागली. त्यातून एक गोष्ट उघड झाली: माझी स्वप्नं ठरावीक ठिकाणी घडतात. वाईचा घाट, आणि नानांचा छापखाना. नाना म्हणजे माझे वडील. ते जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवून ओळी उभ्या करण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. तो छापखाना केव्हाच बंद झाला, नानाही गेले, पण स्वप्नात तो रोज उघडतो.

दिवसा करायच्या तपासण्या असतात. एखादी ओळ वाचायची, नजर बाजूला करायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात ती बदलते. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. स्वप्नात तो घेता येतो. पहिली तपासणी माझ्या काही कामाची नव्हती. ओळ दोनदा वाचणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे ते हाताबरोबर होऊन जाई. या तपासण्यांमध्ये जोर कृतीचा नसतो, शंकेचा असतो. ‘मी आत्ता झोपेत असेन का?’ असं खरोखर, पोटातून विचारावं लागतं. बसमध्ये, दळण आणायला गेल्यावर, कामाच्या टेबलावर. नुसतं नाक चिमटीत धरण्याने वर्ष गेलं तरी काही होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रीचा भाग लाबर्ज यांच्या पद्धतीचा. पाच तासांच्या झोपेनंतर उठायचं, थोडा वेळ वही चाळायची, मग पुन्हा आडवं होताना मनाशी म्हणायचं: पुढचं स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे याची मला आठवण होईल. पहाटेकडे रेम झोप लांबत जाते, म्हणून ही वेळ. यात मंत्रासारखं काही नाही. भाजीवाल्यापाशी पोचल्यावर कोथिंबिरीची आठवण व्हावी असं आपण घरातून ठरवून निघतो, तीच शक्ती इथे कामाला लावायची असते. पुढे केव्हातरी, ठरावीक जागी, ठरावीक गोष्ट आठवायची.

आणि एका पहाटे आठवली. छापखान्यात मी केसपाशी, म्हणजे खिळे ठेवायच्या खान्यांच्या पेटीपाशी उभी होते आणि एका खान्यातून ‘क’चा खिळा उचलला होता. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणून तर ते कागदावर सुलटं उमटतं. लहानपणी नानांनी मला उलटी अक्षरं वाचायला शिकवलं होतं. मला ती सुलट्यांइतकीच सहज वाचता येतात. हा ‘क’ सुलटा होता. मी खिळा बोटांत फिरवला. सुलटाच. आणि मग कुणी शेजारी येऊन सांगावं इतक्या स्पष्टपणे कळलं, की मी अंथरुणात आहे.

त्या क्षणी समोरच्या दृश्यात काहीही बदललं नाही, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. शाईचा आणि रॉकेलचा तोच वास, खिडकीतून येणारा तोच धुळकट प्रकाश, बोटांत खिळ्याचं तेच बारीक वजन. बदलली ती माझी जागा. त्याआधी मी गोष्टीच्या आत वाहत होते, खिळा उचलणं हे घडत होतं. आता ‘उचलणारी’ असं काहीतरी तिथे आलं. लक्ष एकाच वस्तूवरून सैल झालं आणि खोलीभर पसरलं: पाठीमागे दार आहे, वर माळा आहे, माझे पाय अनवाणी आहेत. सजग झाल्यावर रंग भडक होतात असं पुष्कळजण सांगतात. माझ्या मते रंग तेच असतात, त्यांच्याकडे पाहायला कुणीतरी हजर झालेलं असतं. हे सगळं फार तर पाच-सहा श्वासांचं. छाती धडधडायला लागली आणि मी जागी झाले.

पुढचे महिने टिकून राहण्यात गेले. आनंद झाला की जाग येते, म्हणून आनंद आवरायला शिकले. तळहात एकमेकांवर चोळणं, स्वतःभोवती गिरकी घेणं, हे उपाय लाबर्ज यांनी तपासून सुचवले आहेत. मला हात चोळणं मानवतं. तळव्यांची ऊब जाणवत असते तोवर अंथरुणातल्या अंगाची जाणीव आत शिरत नाही. एका गोष्टीवर नजर रोखून धरली मात्र की गडबड होते. खिळ्याकडे, कुणाच्या चेहऱ्याकडे, दिव्याकडे एकटक पाहिलं, की कडा विरघळतात, मग रंग जातात, मग काहीच राहत नाही. नजर हलती ठेवली तर जग टिकतं. जागेपणी एकाग्रता म्हणजे नजर रोखणं, असं अंगात मुरलेलं असतं. इथे फिरत्या नजरेने एकाग्र व्हावं लागतं, आणि ते सरावाने जमतं.

या टप्प्यावर मी एक प्रयोग पुन्हा पुन्हा केला. मूळ प्रयोग लाबर्ज, बेअर्ड आणि झिंबार्डो यांचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. जागेपणी आपण हलत्या बोटामागे नजर फिरवली तर ती अखंड, गुळगुळीत सरकते. डोळे मिटून बोटाची नुसती कल्पना केली तर तशी सरकत नाही, तुटक उड्या मारते. कितीही ठरवलं तरी. त्यांनी सजग स्वप्नात लोकांना हवेत बोटाने वर्तुळ काढायला आणि त्यामागे नजर न्यायला सांगितलं, आणि बुबुळांची नोंद घेतली. ती गुळगुळीत निघाली, जागेपणीसारखी. म्हणजे डोळ्यांपुरतं बोलायचं तर स्वप्न हे कल्पनेच्या बाजूला बसत नाही, पाहण्याच्या बाजूला बसतं.

माझ्याकडे यंत्र नाही, पण फरक आतूनही जाणवतो. घाटाच्या पायरीवर उभी राहून मी उजवी तर्जनी सावकाश फिरवली. नजर तिला चिकटून गेली, बोटामागची कृष्णा धूसर सरकत राहिली. जागी झाल्यावर डोळे मिटूनच तेच बोट, तीच नदी मनात आणली. दोन्ही फिक्या, आणि नजर अडखळणारी. ‘स्वप्नात काय, मनाचे खेळ’ असं कुणी म्हटलं की मला या दोन बोटांमधला फरक आठवतो.

अक्षरांचं मात्र वेगळं आहे, आणि माझा जीव साहजिकच तिथे जास्त अडकला. स्वप्नात मी वाचते. पानावर नजर पडताच मजकूर काय आहे ते कळतं, अगदी ठामपणे. पण एखादा शब्द धरून अक्षर अक्षर लावायला गेले की पाय घसरतो. शिरोरेषा टिकते. काने बऱ्यापैकी टिकतात. वेलांट्या ऱ्हस्वाच्या दीर्घ होतात, जोडाक्षरं तर डोळ्यांदेखत सुटतात. ‘कृष्णा’ हा शब्द मी एका पाटीवर वाचला. ‘ष्ण’वर नजर नेली तर तिथे शेपटीसारखं काहीतरी होतं, आणि दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पूर्ण शब्दच दुसरा होता. तरीही पहिल्या नजरेत तो ‘कृष्णा’ होता याबद्दल मला तीळभर शंका नव्हती. अर्थ आधी येतो आणि अक्षरं त्याच्या मागून, घाईने, जमतील तशी उभी राहतात. जागेपणी प्रूफ वाचताना आम्ही याच घाईशी झगडतो. कधी शेवटच्या शब्दापासून उलटं वाचतो, म्हणजे अर्थ लागू नये आणि अक्षर दिसावं. कागदावर अक्षर अखेर सापडतं, कारण ते तिथे छापलेलं असतं. स्वप्नात ते कुठेही छापलेलं नसतं.

स्पर्श मात्र पक्का असतो. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मत्स्याकार बांधलेली आहे, पुराच्या पाण्याला छेद जावा म्हणून. त्या भिंतीवर मी तळहात टेकला. दगडाचा खरखरीतपणा, सांध्याची खाच, उन्हाने तापलेला भाग आणि त्याच्या शेजारचा गार भाग, सगळं होतं. पाण्याचं तसं झालं नाही. पायरीवरून उतरून पाण्यात पाय घातले. ओलं लागलं, गार लागलं नाही. ‘पाणी गार हवं’ असा विचार आला आणि मग गारवा आला, घोट्यापासून वर चढत. चवही अशीच उशिरा येते. एकदा हातात कंदी पेढा होता. तोंडात टाकला तेव्हा नुसता मऊ गोळा. भाजलेल्या खव्याची चव आली ती मी तिची वाट पाहिल्यावर. दगडाने माझी वाट पाहिली नव्हती. असं का, याचा उलगडा मला झालेला नाही. एकाच स्वप्नात काही गोष्टी आपण होऊन येतात आणि काहींना बोलवावं लागतं, एवढं नक्की.

नाकाच्या चिमटीचा अनुभव सगळ्यांत विलक्षण. बोटांखाली नाकपुड्या पूर्ण दाबलेल्या कळतात आणि त्याच वेळी त्यातून गार हवा आत जाते. दोन्ही जाणिवा एकदम, दोन्ही खऱ्या, एकमेकींना खोडून काढणाऱ्या, आणि कुणीच माघार घेत नाही. हात स्वप्नातला असतो. श्वास अंथरुणातल्या देहाचा. लाबर्ज आणि डिमेंट यांनी १९८२ साली दाखवलं होतं, की सजग स्वप्नात कुणी मुद्दाम श्वास रोखला किंवा जोरजोरात घेतला तर झोपलेल्या शरीराचा श्वासही तसाच बदलतो. डोळे आणि श्वास, या दोन वाटा उघड्या राहतात. माझी खात्रीची तपासणी म्हणून मी श्वासच वापरते. अक्षरं कधी कधी फसवून स्थिरही राहतात, श्वासाने अजून फसवलेलं नाही.

आता प्रकाशाबद्दल. छापखान्यात एकदा तिन्हीसांज होती आणि मला केसमधले खाने नीट बघायचे होते. बटण दाबलं. खटका वाजला, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, नाहीच. पुढच्या स्वप्नांतही तेच. कीथ हर्न यांनी १९८१ साली हेच नोंदवलं होतं: स्वप्नात दिव्याचं बटण दाबून अंधारी खोली एकदम उजळणं पुष्कळांना जमत नाही. गंमत अशी, की दुपारच्या स्वप्नात उजेड भरपूर असतो, तो कुठून येतो हे आपण विचारतही नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्यांना हेच विचारत जातो. सूर्य मावळला, चंद्र मावळला, अग्नी विझला, वाणीही थांबली, तर माणूस कुठल्या प्रकाशाने वावरतो? आत्म्याच्या, असं उत्तर येतं, आणि थोडं पुढे स्वप्नाचं वर्णन येतं. तिथे रथ नसतात, रस्ते नसतात, तरी तो रथ आणि रस्ते निर्माण करतो. शाळेत असताना हे मी पाठांतरासारखं ऐकलं होतं. बंद दिव्याखाली उभी राहून, समोरचं सगळं तरीही अंधूक दिसत असताना, ते मला प्रश्न म्हणून पहिल्यांदा ऐकू आलं. याज्ञवल्क्यांच्या उत्तरापर्यंत मी पोचले असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न किती बारीक निरीक्षणातून आला असेल, ते कळलं.

मी सजग होते म्हणजे सगळीच्या सगळी जागी होते, असं मात्र नसतं. या साऱ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. एका स्वप्नात मी घाटावर सजग झाले. श्वास तपासला, हात चोळले, भिंत पाहिली. मग मनात आलं, हे स्वप्न फार चांगलं आहे, लगेच लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर नाना छापखान्याला कुलूप लावतील. धावत गेले, फळीवरून वही काढली आणि स्वप्न लिहून काढलं, त्यातल्याच वहीत. हे स्वप्न आहे हे मला लिहितानाही ठाऊक होतं. ती वही स्वप्नातली आहे, ती माझ्याबरोबर येणार नाही, हे ठाऊक नव्हतं. आणि नाना या जगात नाहीत, हेही नाही. एक गोष्ट कळलेली आणि तिच्या अगदी शेजारची गोष्ट न कळलेली, दोन्ही एकाच डोक्यात, भांडण न करता. जागेपणी ‘भान’ म्हणून जे एकसंध वाटतं, ते इथे सुटं सुटं होऊन समोर येतं: ‘मी झोपेत आहे’ हे कळणं वेगळं, ‘आज साल कोणतं’ हे आठवणं वेगळं, आणि ‘म्हणून अमुक व्हायला हवं’ असा निष्कर्ष काढणं आणखी वेगळं. ती एकदम येत नाहीत.

म्युनिकच्या माक्स प्लांक मानसोपचार संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली स्कॅनरमध्ये सजग स्वप्नाच्या वेळच्या मेंदूची प्रतिमा मिळवली. एरवीच्या रेम झोपेत मंदावलेले, स्वतःकडे पाहण्याशी आणि विचार तोलण्याशी जोडलेले पुढचे आणि वरचे भाग सजगतेच्या वेळी पुन्हा जोमाने काम करताना दिसले. त्या आवाज करणाऱ्या यंत्रात झोप लागणं, त्यात सजग स्वप्न पडणं हे इतकं कठीण, की तो निष्कर्ष एकाच व्यक्तीच्या नोंदीवर उभा आहे. म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण माझ्या वहीतल्या नोंदींशी ते जुळतं: दिवे एकेक करून लागतात, आणि काही लागतच नाहीत.

नानांशी बोलायचं धाडस पुढे केव्हातरी केलं. नानांना पाढे तोंडपाठ होते, नुसते तीसपर्यंतचे नव्हे, पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी (औट म्हणजे साडेतीन) सगळे. मजुरीचा हिशेब ते बोटं न मोडता करत. छापखान्यात ते खिळे उचलत होते, मी सजग होते, आणि या वेळी ते गेलेले आहेत हेही मला आठवत होतं. मी विचारलं, “नाना, सात औट किती?” त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर सुरकुती न सुरकुती होती. म्हणाले, “अगं, आधी चहा घे.” मी पुन्हा विचारलं. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ते झालंय.” साडेचोवीस हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. मला येत होतं. त्यांना येत नव्हतं.

जागी झाल्यावर मी बराच वेळ उठले नाही. नंतर वाचनात आलं, की पॉल थोली या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली नेमकं हेच तपासलं होतं. सजग स्वप्न पाहणाऱ्यांनी स्वप्नातल्या पात्रांना कामं द्यायची. चित्र काढणं, यमक जुळवणं त्यांना जमलं. आकडेमोडीत ती कच्ची निघाली. उलट स्वप्न पाहणाऱ्याला स्वतःला गणित येतं. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या प्रयोगशाळांनी मिळून केलेलं संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झालं. त्यात रेम झोपेतल्या एका तरुणाला बाहेरून विचारलं, आठातून सहा गेले किती? त्याने स्वप्नातूनच नजर दोनदा डावी-उजवी फिरवली. म्हणजे उत्तर त्या डोक्यात असतं. माझ्याही होतं. मग त्याच डोक्यातल्या नानांपर्यंत ते का पोचलं नाही? त्यांना आवाज मिळाला, चहाची सवय मिळाली, मान वर करण्याची ती विशिष्ट ढब मिळाली, औटकी मिळाली नाही. माझ्या आत मी आणि मी नव्हे अशी एक सीमा झोपेतही आखलेली असते, आणि ती फार कडेकोट असते, एवढं मला त्या पहाटे दिसलं. ज्यांची माणसं गेली आहेत त्यांना मी हे सांगते, कारण सजग स्वप्नात त्यांना भेटता येईल असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. दिसतात. अगदी जवळून, सुरकुत्यांसकट दिसतात. ते बघणं खरोखर मोठं आहे, मी ते कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण आपल्याला ठाऊक नसलेलं त्यांच्याकडून काही मिळेल, ही अपेक्षा घेऊन जाऊ नये.

तब्येतीबद्दल थोडं. पहाटे उठण्याचा नेम मी रोज करत नाही; झोपेचं खोबरं करून मिळवलेलं स्वप्न दिवसभर डोकं जड ठेवतं. कधी कधी स्वप्न संपतं, डोळे उघडतात आणि अंग हलत नाही. रेम झोपेतली स्नायूंची बंदी क्षणभर रेंगाळलेली असते. घरातल्या जुन्या बायका ‘अंगावर कुणीतरी बसलं’ म्हणत, ते हेच. कारण माहीत असलं की भीती उतरते. मी श्वास मोजत राहते आणि सुटका होते. ज्यांना भास होतात किंवा खरं-खोटं यांची सरमिसळ होण्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, हे मी कळकळीने सांगेन.

सध्या माझं काम आठवणीवर चाललं आहे. रात्री म्हणायचं वाक्य मी बदललं. पूर्वी ते एवढंच होतं, की हे स्वप्न आहे याची मला आठवण होईल. त्याने तेवढंच आठवे आणि बाकी सगळं अंथरुणात राही. आता त्याला जोडून म्हणते: साल कोणतं ते आठवेल, नाना गेले आहेत ते आठवेल, आणि मला काय बघायचं आहे ते आठवेल. बघायचं आहे ते असं: खिळ्यांनी जुळवलेली एक पूर्ण ओळ, उलटी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. स्पर्श पक्का असतो, तर नजर सुटली तरी बोटाने अक्षर धरून ठेवता येईल का, ते पाहायचं आहे. साल आता बहुतेक वेळा आठवतं. नानांचंही आठवतं, आणि आठवूनही स्वप्न मोडत नाही, जे सुरुवातीला मोडायचं. ओळीचं मात्र अजून निम्म्या वेळा राहून जातं. ते जाग आल्यावर, वही हातात घेतल्यावर आठवतं.